हाकाटी

ताप यायलाच हवा, तो आला नाही तरच मला फोन करा, असं डॉ. फरीदा मुकादम यांनी दर्शना गोरिवलेला बजावून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ताप आला तेव्हा फोन उचलण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ओटीपोटात जाळ लागला होता, दातांवर दात आपटत होते, आणि उशाशी बसलेली तिची मुलगी सानिका ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या घालत होती. आठवड्याभरानं ताप उतरला. पुढच्या तपासणीत दर्शनाच्या मूत्राशयातल्या गाठीच्या जागी फक्त एक फिकट वण दिसला.

दर्शना करंजखोलची. खाडीच्या काठचं गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला, सड्याच्या पठारावर, शाल्मली केमिकल्सचा कारखाना. तिचा नवरा अनंत तिथं तीन नंबरच्या प्लांटमध्ये, सुकवणीच्या खात्यात होता. कापडाच्या रंगांसाठी लागणारी एक भुकटी तिथं वाळवून पोत्यांत भरायचे. कामगार तिला नुसतं ‘पिवळी’ म्हणायचे. अनंत घरी यायचा तो पिवळी अंगावर घेऊनच. कॉलर पिवळी, भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या. दर्शना त्याचे कपडे मागच्या दारी घ्यायची, दगडावर झटकायची आणि मग धुवायची. झटकताना तिला शिंका यायच्या. त्यापलीकडे कुणाला काही वाटत नव्हतं.

अनंतला लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा सानिका दहावीत होती. बारावीच्या परीक्षेआधी तो गेला. गावात त्याच्यासारखे आणखीही काहीजण गेले होते, म्हणून दर्शनानं आणि इतर बायकांनी मिळून पर्यावरण लवादाकडे अर्ज केला. मागणी साधी होती. तीन नंबरचा प्लांट बंद करा, आणि गावातल्या प्रत्येकाची तपासणी करा.

कंपनीच्या बाजूनं साक्ष द्यायला आले ते कारखान्याचे व्यवस्थापक श्रीधर सबनीस. उंच माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. ते म्हणाले, मूत्राशयाचा कर्करोग विडी-सिगारेटनं होतो हे जगजाहीर आहे, आणि या भागातले पुरुष विड्या ओढतात. गावातल्या बायकांच्या वकीलबाईंनी विचारलं, अनंत गोरिवले ओढत होते का? सबनीस म्हणाले, “ओढत असणार.”

अनंतनं उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. कुणी शेजारी ओढली तर तो उठून दुसरीकडे जाऊन बसायचा. दर्शना त्या दिवशी पाठीमागच्या बाकावर होती. अनंत गेल्याचं दुःख पुढे थोडं थोडं बोथट झालं, पण त्या दोन शब्दांचा राग तसाच राहिला. गेलेल्यांच्या गाठींचे नमुने कुठल्याच रुग्णालयानं जपून ठेवले नव्हते. पिवळीचा आणि रोगाचा संबंध दाखवणारा पुरावा आणा, असं सांगून लवादानं प्रकरण लांबणीवर टाकलं. सबनीस निवृत्त होऊन पुण्याला गेले. प्लांट चालू राहिला. आणि काही वर्षांनी दर्शनाच्याच लघवीतून रक्त गेलं.

फक्त तोवर काळ बदलला होता, आणि त्याला कारण डॉ. मुकादम यांच्यासारखी माणसं होती.

मुकादम मूळच्या दाभोळकडच्या. पुण्यातल्या एका संशोधन रुग्णालयात त्या आयुष्यभर एकाच प्रश्नामागे होत्या. औषध दिल्यावर कर्करोगाची पेशी मरते हे ठीक, पण ती नेमकी कशी मरते? दर्शनाला त्यांनी ते फार सोपं करून सांगितलं होतं. पेशीला मरायचे दोन रस्ते असतात. पहिला मुकाट्याचा. पेशीच्या आतच कात्रीसारखं काम करणारी प्रथिनं असतात, एरवी ती मिटलेली असतात. हुकूम मिळाला की ती उघडतात, पेशीचा सांगाडा कापतात, गाभ्यातल्या धाग्याचे तुकडे करतात, आणि साऱ्याच्या लहान लहान पुड्या बांधून टाकतात. शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळतात. सूज नाही, ताप नाही, कुठे खबर नाही. आपल्या अंगात रोज असंख्य पेशी अशाच जातात आणि आपल्याला कळतही नाही.

“कर्करोगावरची बरीचशी जुनी औषधं याच रस्त्यानं पेशी मारायची,” मुकादम म्हणाल्या होत्या. “पेशी मरायच्या, पण अंगातल्या पहारेकऱ्यांना पत्ताच लागायचा नाही की इथं शत्रू होता. मग लपून राहिलेल्या चार-दोन पेशी पुन्हा वाढायच्या, आणि त्यांना ओळखणारं कुणी नसायचं.”

दुसरा रस्ता आरडाओरड्याचा. त्यात पेशीच्या पडद्याला भोकं पडतात, ती फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं. पहारेकरी पेशी धावून येतात, सांडलेले तुकडे उचलतात, जांघेतल्या आणि काखेतल्या ग्रंथींत नेऊन तिथल्या मारेकरी पेशींना दाखवतात. असा तुकडा ज्याच्या अंगावर दिसेल त्याला सोडू नका, असा तो निरोप असतो. मुकादम यांच्या गटाचं औषध पेशीतल्या कात्र्या अडवून धरायचं आणि हा दुसरा रस्ता मोकळा करायचं. मग ताप यायचा, सूज यायची, माणूस आठवडाभर तळमळायचा. पण एकदा शिकलेल्या मारेकरी पेशी वर्षानुवर्षं रक्तात फिरत राहायच्या. औषधाला लांबलचक रासायनिक नाव होतं. वॉर्डात सगळे त्याला हाकाटी म्हणायचे.

दर्शना बरी होऊन वर्ष उलटलं असेल. एके दिवशी मुकादम यांचा फोन आला. पुण्यात एक रुग्ण आहे, त्याला तुमच्या मारेकरी पेशी उपयोगी पडतील, द्याल का, असं त्यांनी विचारलं. त्या रुग्णाला हाकाटी देऊन पाहिली होती, पण त्याच्या स्वतःच्या मारेकरी पेशी वयानं आणि आधीच्या उपचारांनी थकल्या होत्या. गाठीतल्या पेशी फुटत होत्या, आरडाओरडा होत होता, पण ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. बाहेरून शिकलेल्या पेशी द्यायच्या तर दोन गोष्टी जमाव्या लागतात. दात्याच्या आणि रुग्णाच्या ऊती जुळाव्या लागतात, आणि दोघांच्या गाठीतलं बिघडलेलं प्रथिन अगदी एकसारखं असावं लागतं. पहिली गोष्ट मुश्किलीनं जमते. दुसरी सहसा जमतच नाही, कारण प्रत्येकाची गाठ आपापल्या पद्धतीनं बिघडते.

“मग याची कशी जमली?” दर्शनानं विचारलं.

एकाच पदार्थानं दोन माणसांच्या पेशींवर एकाच जागी घाव घातला तर असं होऊ शकतं, असं मुकादम म्हणाल्या.

“म्हणजे तो पिवळीचा माणूस आहे.”

“नाव मला सांगता येत नाही, दर्शनाताई. त्यालाही तुमचं नाव कळणार नाही. तसा नियम आहे.”

नाव कळायची दर्शनाला गरजही वाटली नाही. करंजखोलमधली कितीतरी माणसं मुलांच्या मागे पुण्याला गेली होती. सुकवणीच्या खात्यात अनंतबरोबर पाळी करणारी, डब्यातली भाकरी वाटून खाणारी ती माणसं तिच्या डोळ्यांसमोरून गेली. ती लगेच हो म्हणाली. सानिका रत्नागिरीला फिजिओथेरपिस्ट होती. आईच्या निर्णयाचा तिला अभिमान वाटला, आणि सुट्टी टाकून ती बरोबर निघाली.

पहिल्या खेपेला दर्शनाच्या एका हातातून रक्त निघून यंत्रात जात होतं, हव्या त्या पेशी तिथं वेगळ्या होत होत्या, आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येत होतं. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या होत्या. पण वाढ अपुरी झाली, म्हणून मायलेकींना पुन्हा बोलावणं आलं.

दुसऱ्या खेपेला, सानिका चहा आणायला गेली असताना, लिफ्टपाशी एक वयस्क बाई दर्शनाकडे निरखून बघत उभ्या राहिल्या. मग जवळ आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही गोरिवलेंच्या ना? दर्शनानं त्यांना ओळखलं. विद्या सबनीस. कारखान्याच्या कॉलनीत त्या बायकांसाठी शिवणाचा वर्ग घ्यायच्या, दर्शनाही वर्षभर जात होती. विद्याबाईंचा चेहरा उतरला होता, पण ओळखीचं माणूस दिसल्यावर त्यांना बोलल्याशिवाय राहवेना. ह्यांना मूत्राशयाचा कर्करोग झालाय, त्या सांगू लागल्या. काचेच्या खोलीत ठेवलंय, अंगातल्या जुन्या पांढऱ्या पेशी सगळ्या काढून टाकल्यात, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. आता साधा पडशाचा जंतूही चालायचा नाही. कुणी तरी दाता मिळालाय, तो आज येणार आहे.

“कोण आहे ते कळत नाही हो,” विद्याबाई म्हणाल्या. “रोज त्याच्यासाठी हात जोडते.”

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, निघून गेली.

तिथून दर्शना थेट मुकादम यांच्या खोलीत गेली. तुम्हाला ठाऊक होतं, ती म्हणाली. मुकादम यांनी नाकारलं नाही. दोघांचे पत्ते, दोघांच्या कामाचा इतिहास त्यांच्यासमोर होता, आणि लवादातल्या प्रकरणाबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. नियमानं मला सांगता येत नव्हतं, त्या म्हणाल्या. आणि मग जरा खालच्या आवाजात त्यांनी कबूल केलं, की नियम नसता तरी बहुधा सांगितलं नसतं.

“तुम्ही मला फसवलंत.”

“हो. तुम्ही आत्ताही नाही म्हणू शकता. तुम्ही गेलात तर तो माणूस महिनाभर काढेल की नाही शंका आहे, हे मला सांगायलाच हवं. पण मी तुम्हाला अडवणार नाही.”

दर्शनानं विचारलं, अट घालता येईल का? आधी त्यानं लवादापुढे खरं सांगावं, मग पेशी. मुकादम यांनी नकारार्थी मान हलवली. अवयव असो वा पेशी, अट घालून दिलेलं दान कायद्यानं दान नसतं. असा निरोप मी रुग्णाकडे नेणार नाही, असं त्या तुटकपणे म्हणाल्या. दर्शनाला त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेला उचलून भिंतीवर फोडावासा वाटला. ती उठून बाहेर आली.

सानिका चहाचे कप घेऊन उभी होती. तिला कळल्यावर तिनं दोन्ही कप कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि पिशवी खांद्याला लावली. आई आता लगेच निघेल, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. पण दर्शना जिन्याकडे वळली. मला त्याच्याशी बोलायचंय, एवढंच म्हणाली.

विद्याबाईंनीच तिला वर नेलं. जुन्या ओळखीची बाई भेटायला येते आहे, एवढंच त्यांना वाटलं. दोघींच्या मध्ये काय उभं होतं ते त्यांच्या लक्षात कसं आलं नाही, याचं दर्शनाला नवल वाटलं. नंतर तिच्या ध्यानात आलं, की नवरा साक्षीत काय म्हणाला हे विद्याबाईंना कुणी सांगितलंच नसणार.

काचेपलीकडे सबनीस खुर्चीत बसले होते. डोक्यावर केस नव्हते, पण पाठ ताठ होती. बाहेर आणि आत एकेक फोन होता. विद्याबाई औषधं आणायला गेल्या, तेव्हा दर्शनानं फोन उचलला. मी अनंत गोरिवलेची बायको, ती म्हणाली. ओळखलं, ते म्हणाले. तुमच्यासाठी जिच्या पेशी घेताहेत ती मी, दर्शना म्हणाली.

सबनीस आयुष्यभर आकड्यांशी खेळले होते. त्या एका वाक्यात किती गोष्टी आल्या हे त्यांना दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला तीच गाठ झाली होती. तिच्या पेशी त्यांना चालणार होत्या, कारण घाव एकाच हत्यारानं घातला होता. त्यांनी सुकवणीच्या खात्यात कधी काम केलं नव्हतं, पण त्यांची केबिन त्या खात्याच्या वरच होती, हवा एकाच नळीतून फिरायची.

“तुम्हाला ठाऊक होतं?” दर्शनानं विचारलं.

“नाही. ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था केली होती.” त्यांचा आवाज कोरडा होता. “त्या खात्यातली हवा तपासायला माणसं बोलवायची होती. मी त्यांना बोलावलंच नाही. तपासली असती तर प्लांट थांबवावा लागला असता.”

“आणि अनंत विड्या ओढत होता?”

“ते मला माहीत नव्हतं. मी अंदाजानं बोललो.”

“आत्ता जे बोललात ते लवादापुढे बोला.”

“नाही.”

“मी पेशी दिल्या नाहीत तरी?”

“तरी नाही.” मग ते किंचित पुढे झुकले. “आणि घाईत एक चूक करू नका. जिवाच्या बदल्यात काढून घेतलेली साक्ष टिकत नाही. कंपनीचा वकील पहिल्याच दिवशी ती फाडून टाकेल. तुमच्या वकीलबाईंना विचारा. मी तुम्हाला वचन दिलं तरी त्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.”

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. दर्शना काचेकडे बघत उभी राहिली. ते मात्र पुन्हा तिच्याकडे बघेनात. माफी मागितली असती तर ती त्याच पावली निघून गेली असती, असं तिनं पुढे सानिकाला सांगितलं. मरणाच्या भीतीनं मागितलेली माफी तिला नको होती. पण या माणसानं भीक मागितली नाही, आणि सांगितलं ते खरं होतं. अट घातली तर साक्ष फुकट. निघून गेलं तर हा महिनाभरात राख होणार, त्याची गाठही राख होणार, आणि ‘ओढत असणार’ हे तेवढं कायमचं नोंदीत राहणार. ते दोन शब्द खोडायचे, तर ते बोलणारा माणूस जिवंत हवा होता. शिवाय तिच्या पेशी त्याच्या गाठीला लागू पडल्या, तर ते बरं होणंच एक साक्ष होती, त्यानं तोंड उघडो वा न उघडो.

ती खाली आली आणि यंत्राच्या खोलीत जाऊन पडून राहिली. परिचारिकेनं दोन्ही हातांत सुया घातल्या. दया आली म्हणून दिलं, असं पुढे कुणी म्हणालं की ती चिडायची.

सानिका दारात आली होती. तिचा आवाज चढला नाही. “बाबांचं अंथरूण मी धुतलंय. तुला आठवत नसेल, मला आठवतंय. त्या सबनीसला जगवायला तूच भेटलीस?” दर्शना हात हलवू शकत नव्हती. जरा थांब, सांगते, असं ती म्हणाली, पण सानिका थांबली नाही. ती एकटीच रत्नागिरीच्या बसमध्ये बसली, आणि नंतर कित्येक महिने तिनं आईचा फोन उचलला नाही.

सबनीसांना पेशी दिल्यावर आठवडाभरानं विद्याबाईंचा फोन आला. एव्हाना त्यांना सगळं कळलं होतं. त्या रडत होत्या. ताप कशानंच उतरत नव्हता, रक्तदाब घसरला होता, श्वासासाठी यंत्र लावलं होतं. दर्शना परसात तांदूळ पाखडत होती. बातमी ऐकून तिला बरं वाटलं, हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. तिच्याच पेशी त्याला आतून जाळत होत्या. अनंतनं जे भोगलं त्यातलं थोडं तरी याच्या वाट्याला येत होतं. तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

पण संध्याकाळपर्यंत ते बरं वाटणं टिकलं नाही. तो मेला तर काहीच हाती लागणार नव्हतं. ताप कशामुळे आला होता याची नोंद रुग्णालयाच्या कपाटात बंद झाली असती, आणि कंपनीनं शोकसभा घेतली असती. ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही त्याच्या श्वासावर आपलं सगळं टांगलेलं आहे, या विचारानं ती चडफडली. शेवटी तिनं देवापुढे दिवा लावला. ज्याच्यासाठी लावला त्याचं नाव मात्र घेतलं नाही.

सबनीस वाचले. महिन्याभरात त्यांची गाठ वितळली, आणि पावसाळा संपता संपता ते घरी गेले. आभाराचा निरोप आला नाही. दर्शनानं तो अपेक्षिलाही नव्हता.

त्याच सुमाराला शाल्मली केमिकल्सनं तीन नंबरचा प्लांट दुपटीनं वाढवायची परवानगी मागितली, आणि आधार म्हणून सबनीसांची जुनी साक्ष पुढे केली. वकीलबाईंना हेच हवं होतं. ज्या साक्षीवर कंपनी उभी आहे त्या साक्षीदाराची उलटतपासणी पुन्हा घेऊ द्या, असा अर्ज त्यांनी केला, आणि तो मंजूर झाला.

सुनावणीला करंजखोलहून बायकांची एक गाडी भरून आली. सानिकाही आली, रत्नागिरीहून, वेगळी. ती आईच्या शेजारी बसली नाही, मागच्या रांगेत बसली. लवादाच्या दालनात आता लिहून घेणारा माणूस नव्हता. साक्षीदार बोलेल ते समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर आपोआप अक्षरांत उमटायचं. सबनीस आले, शपथ घेतली, उभे राहिले. केस पुन्हा उगवले होते, पांढरेशुभ्र. शर्ट पूर्वीसारखाच कडक इस्त्रीचा.

वकीलबाईंनी दर्शनाच्या गाठीचा अहवाल पुरावा म्हणून दाखल केला होता, आणि कंपनीच्या वकिलानं त्यावर आधीच हरकत घेऊन ठेवली होती. एका बाईची गाठ पिवळीशी जोडणारा प्रयोगशाळेचा अहवाल हा निव्वळ योगायोग असू शकतो, ती एकच व्यक्ती आहे, दुसरं उदाहरण कुठे आहे, असं त्याचं म्हणणं होतं. वकीलबाईंनी दर्शनाला उभं केलं. आपण पेशी दिल्या होत्या, आणि दाता म्हणून नाव गुप्त ठेवायचा आपला हक्क आपण सोडतो आहोत, एवढं तिनं सांगितलं. कुणाला दिल्या ते ती बोलली नाही. तो हक्क तिचा नव्हता.

मग वकीलबाई सबनीसांकडे वळल्या. तुम्हाला गेल्या वर्षी या बाईंच्या पेशी देण्यात आल्या का, असं त्यांनी विचारलं. कंपनीचा वकील ताडकन उठला. लवादाच्या अध्यक्षांनी सबनीसांना समजावून सांगितलं, की आपल्या आजाराबद्दल बोलायची सक्ती तुमच्यावर नाही, तुम्ही उत्तर नाकारू शकता.

पडदा कोरा होता. कंपनीचा वकील सबनीसांकडे बघून मान डोलावत होता. नाकारा, म्हणजे झालं.

“हो,” सबनीस म्हणाले.

पडद्यावर तेवढंच एक अक्षर उमटलं.

पुढचे प्रश्न भराभर आले, आणि त्यांनी उत्तरंही तशीच दिली, कुणी यंत्राची माहिती विचारावी तशा सुरात. पेशी लागू पडल्या का? पडल्या. सुकवणीच्या खात्यातली हवा कधी तपासली होती का? नाही. का नाही? तपासायची नाही असा माझा आदेश होता. तो आदेश वरून आला होता का? वरून विचारणा आली होती, आदेश माझा. अनंत गोरिवले विड्या ओढत होते, असं तुम्ही शपथेवर म्हणालात. ते कशावरून?

“कशावरूनही नाही,” सबनीस म्हणाले. “मला काही माहीत नव्हतं. ते विधान मी मागे घेतो.”

दर्शनानं ती अक्षरं पडद्यावर वाचली. तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर रडू येईल. आलं नाही. अंगातून काहीतरी जड निघून जावं आणि त्याची सवय झाल्यामुळे तोल जावा, तसं झालं. तिनं पुढच्या बाकाची कड घट्ट धरली. मागून कुणाचा तरी हात तिच्या खांद्यावर आला. तो सानिकाचा होता. दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही, पण तो हात तिथंच राहिला.

त्याच दिवशी संध्याकाळी अंतरिम आदेश निघाला. तीन नंबरचा प्लांट ताबडतोब बंद. गावातल्या प्रत्येकाची, लहानथोर सगळ्यांची, लघवीची आणि रक्ताची तपासणी कंपनीऐवजी सरकारनं करायची. कपडे धुणाऱ्या बायका आणि त्यांची मुलं यांचा आदेशात वेगळा उल्लेख होता. सानिकानं तो परिच्छेद दोनदा वाचला. लहानपणी बाबा दारात आले की ती धावत जाऊन त्यांच्या पायांना मिठी मारायची, पिवळीसकट. माझीही करावी लागेल, ती आईला म्हणाली. बऱ्याच महिन्यांनी ती आईशी पहिल्यांदा बोलत होती. उद्याच करू, दर्शना म्हणाली.

दोघी बाहेर पडल्या तेव्हा सबनीस व्हरांड्यात गाडीची वाट बघत उभे होते. कंपनीच्या माणसांपैकी कुणीही त्यांच्या जवळपास नव्हतं. विद्याबाई जरा अंतरावर, पदरानं तोंड पुसत उभ्या होत्या. दर्शना समोरून जाऊ लागली तेव्हा सबनीसांनी तिला थांबवलं.

“उपकार फेडले असं समजू नका,” ते म्हणाले. “मोजून सिद्ध झालेली गोष्ट मी नाकारत नाही, म्हणून बोललो. तुमच्यासाठी नाही.”

“मला माहीत आहे.”

“तुम्ही मला वाचवलं नाहीत, गोरिवलेबाई. तुम्ही एक साक्षीदार वाचवलात.”

“हो,” दर्शना म्हणाली. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे, नव्यानं उगवलेल्या पांढऱ्या केसांकडे नीट बघून घेतलं. “कंपनी वरच्या कोर्टात जाणार आहे. तिथंही तुम्ही लागाल. तब्येतीला जपा.”

आणि मुलीचा हात धरून ती पायऱ्या उतरली.